स्टिकरवरचे तीस

पुण्याच्या एका अँटेना विक्रेत्याने मला फसवलं, आणि त्याच्या खोट्याचं खापर मी माझ्याच माणसावर फोडलं. दोन्ही गोष्टी आधीच सांगून टाकतो.

सुपा एमआयडीसीतल्या एका कारखान्याचं इंटरनेट सात किलोमीटरवरच्या त्यांच्या गोदामापर्यंत न्यायचं काम माझ्याकडे होतं. दोन्ही छतांवर टॉवर उभारायचे, समोरासमोर डिश अँटेना लावायच्या. याला आम्ही लिंक म्हणतो. डिशच्या मागच्या स्टिकरवर छापलं होतं, गेन ३०. टॉर्चमधला आरसा उजेड एकवटून पुढे फेकतो, तसा अँटेना सिग्नल किती एकवटते, ते माप म्हणजे गेन. ते डीबीमध्ये मोजतात. तीन डीबी वाढले की ताकद दुप्पट.

हिशेबाने जेवढा सिग्नल यायला हवा होता, त्याहून बारा डीबी कमी येत होता. म्हणजे सोळावा हिस्सा. लिंक तासाभरात चार वेळा तुटायची.

टॉवरवर दानियल होता. बारा वर्षं माझ्याकडे डिश लावतोय. मी खालून ओरडलो, "अरे, नीट धर की! डोळे मिटून लावतो का?"

"अण्णा, बरूबर धरलीय. कुठं बी फिरवा, याच्या वर जात न्हाई."

"मग काय डिश खोटी बोलते?"

कारखान्याच्या मॅनेजर मॅडम शेजारी उभ्या होत्या. म्हणाल्या, "शनिवारपर्यंत लिंक चालली नाही, तर मी दुसऱ्याला बोलावते." त्यांच्यादेखत मी दानियलला म्हणालो, "उद्यापासून येऊ नको." तो खाली उतरला, सेफ्टी बेल्ट काढून माझ्या गाडीच्या बॉनेटवर ठेवला आणि चालत फाट्याकडे गेला.

त्या संध्याकाळी विक्रेत्याकडे डेटाशीट मागितली. अँटेनाच्या चाचणीचे आकडे त्यात असतात. त्याने फोटो पाठवला, तो दुसऱ्याच मॉडेलचा. तेव्हा मला टेप आठवला. डिश मोजली. चाळीस सेंटीमीटर. आमच्या फ्रिक्वेन्सीला एवढी डिश जराही सिग्नल वाया न घालवता चालली, तरी अठ्ठावीसच्या पुढे जात नाही. आणि अशी डिश अजून कुणी बनवलेली नाही.

तीस नाही हे कळलं. मग किती? सकाळी दानियलच्या घरी गेलो. तो दारात दाढी करत होता.

"चल, मोजायचंय."

"मला काढलंय ना तुमी?"

"काढलं होतं. आता चल."

"चहा घ्या आधी," तो म्हणाला आणि सावकाश उरलेला गाल खरवडत बसला. मी चहा घेतला.

माझ्याकडे एक जुनी अँटेना आहे, कंपनीच्या सही-शिक्क्याच्या रिपोर्टची. तिचा गेन तेवीस. कारखान्याच्या एका छतावर ट्रान्समीटर ठेवला, तीनशे मीटरवरच्या दुसऱ्या छतावर एका पाइपला ती जुनी अँटेना. रीडिंग घेतलं, दानियलने वहीत लिहिलं. मग त्याच पाइपवर, त्याच उंचीला, त्याच केबलला नवी डिश. मग पुन्हा जुनी, मधल्या वेळात काही हललं नाही ना ते बघायला. जमिनीवरून उसळणारा सिग्नल फसवतो, म्हणून पाइप हातभर वर-खाली करून सगळं पुन्हा. दरवेळी नवी डिश जुनीपेक्षा एकच डीबी जास्त. तेवीस अधिक एक, चोवीस. दोन्ही टोकांना सहा-सहा कमी. बारा डीबी तिथे गेले होते.

दानियलने वही मिटली. "माझा हात हलत न्हवता, अण्णा."

मॅडमना वही दाखवली. मोठ्या डिश बसवल्या, पण आधी टेप लावून. शुक्रवारी लिंक उभी राहिली.

मग विक्रेत्याला फोन.

"शेठ, तुम्ही भाव किती पाडलात? त्या भावात हेच येतं."

"मग स्टिकरवर चोवीस छापायचं होतं!"

"स्टिकर वरूनच, आम्हाला माल येतो तिथूनच, लागून येतो. बाकी कुणाची तक्रार नाही."

कशी असेल? कुणी मोजलंच नसेल. मीही भाव करण्यात तासभर घालवला होता. टेप लावायला मिनिट लागलं असतं. मॅडमसमोर दानियलची माफी मी मागितली. माझा वाटा मी फेडला.

पण तीस हा आकडा कुणी छापला? तो वरचा कोण, त्याला नाव आहे की नाही? विक्रेत्याने सुप्याला यावं, त्याच छतावर उभं राहावं आणि दानियलच्या तोंडावर सांगावं की खोटी डिश होती, हात नव्हे. वही आणि टेप दोन्ही माझ्या गाडीत आहेत.