गोदूताईंची कोरडी नळी

किस्से हे शिवणाच्या डब्यातील बटणांसारखे असतात. मुद्दाम कोणी जमवीत नाही, तरी डबा भरतो. नवी पेठेमागे लक्ष्मक्कांच्या ओट्यावर आम्ही चौघी म्हाताऱ्या रोज सायंकाळी बसतो. तेथे माझी नात ऋजुता जनुकांच्या संशोधनासाठी आमची थुंकी मागावयास आली, आणि डबा ओसंडलाच!

लक्ष्मक्का तेलुगू, घरी चादरींचे माग. त्यांच्या नातीशी गोदूताईंच्या नातवाला लग्न करावयाचे होते. गोदूताईंचे एकच पालुपद, "त्यांचं रक्त वेगळं!" त्या ओट्यावर बसत, पण तेथल्या माठाचे पाणी पीत नसत. बाटली घरून आणीत.

*

ऋजुता म्हणाली, "प्रत्येक पिढीत जनुकांची नक्कल होते, आणि थोड्या चुका राहतात."

मी जुनी मॅट्रिक. विचारले, "तपासणारे कोणी नाही?"

"आहे की! पण काही सुटतातच. सुटल्या म्हणून आपण माणसं झालो, आजी."

तेव्हापासून नातवंडांच्या निबंधांवर लाल पेन चालविताना माझा हात किंचित कचरतो.

*

मथुराबाई मोडनिंबच्या. थुंकीसाठी दिलेली नळी पाहून म्हणाल्या, "थुकायचंच हाय, तर आमच्या मालकांचं घ्या की! जिन्याच्या कोपऱ्यात लई साठलंय!"

*

सुनेला दूध पचत नाही, हे मथुराबाईंना ढोंग वाटे. ऋजुता म्हणाली, "मोठेपणी दूध न पचणं हीच मूळ रीत. पचणं हा नंतरचा बदल."

"व्हय? म्हंजी बिघाड आमच्यातच!"

त्या सायंकाळी सुनेला कोरा चहा मिळाला. सासूच्या हातचा!

*

गोदूताईंची कवळी नवी, तोंड कोरडे. नळी ओठांशी धरून बराच वेळ बसल्या, थेंब नाही. ऋजुता हात धुण्यास आत गेली. लक्ष्मक्कांनी आपली भरलेली नळी खाली ठेवली, गोदूताईंची उचलली आणि तीही भरून दिली. गोदूताईंनी ती पदराने पुसून निमूटपणे घेतली. मी चष्मा पुसत होते.

*

काही महिन्यांनी ऋजुता कपाळाला आठ्या घालून आली. "दोन नळ्या तंतोतंत एक निघाल्या! कुणाच्या, ते सांगणार नाही. पण असं झालं कसं?"

लक्ष्मक्कांनी तोंड उघडले. "अगं पोरी, त्या दिवशी ना..."

"त्यात विचारायचं काय!" गोदूताई ताडकन उठल्या. "मी कधीपासून म्हणतेय, आमचं दोघींचं रक्त एकच! लक्ष्मक्का, मुहूर्त काढा!"

"अवो, एकच रगत म्हंजी बहिणी की!" मथुराबाई म्हणाल्या. "मग पोरांचं लगीन कसं व्हायचं?"

गोदूताई पुन्हा खाली बसल्या.

"ते मागाहून बघू. लक्ष्मक्का, आधी तुमच्या माठातलं पाणी द्या बाई. तोंड फार कोरडं पडलंय."