ओढ्यावर धावली ती मी नव्हे

प्रिय सई आणि नील,

परवा फोनवर नील म्हणाला, सईच्या लग्नात तो आजीची गोष्ट सांगणार आहे... आजी एसटीमागे धावली आणि आजोबांचा जीव वाचला. म्हणून आज बसून लिहिते आहे. ती गोष्ट आजोबांची. माझी वेगळी आहे. भुताखेतांवर माझा कधी विश्वास नव्हता, या वयातही नाही.

नामांतराच्या दंगलीचं पहिलं वर्ष, १९७८. परभणी-जिंतूर रस्त्यापासून दीड मैल आत असलेल्या गावात मी इंग्रजी शिकवत होते. आजोबा जिंतूरला कारकून. शनिवारी दुपारच्या एसटीने फाट्यावर उतरायचे आणि चालत घरी यायचे.

त्या शनिवारी सकाळी मी नववीच्या वर्गात म्हणाले होते, "जुन्या प्रेमकथांत जो धावतो तो बुडतो. जरा दम धरला असता तर गोष्टच घडली नसती." पोरी हसल्या.

शाळा सुटली आणि आमच्या वस्तीतला नामदेव सायकलवर आला.

"बाई, फाट्यावर एसटी अडवायलेत! नाव इचारून आपल्या मानसायला खाली वढायलेत!"

मी धावले. गावाबाहेर गयाबाईंचा आखाडा होता, म्हणजे शेतातलं घर. ही माणसं गावातली मोठी शेतकरी, त्यांची नात माझ्याच नववीच्या वर्गात. एरवी मला पाणी द्यायचं तर वरून ओतायची. त्या दिवशी गयाबाई वाटेत आडव्या आल्या आणि तांब्या सरळ माझ्या हातात दिला.

"बसा आदी. पानी प्या."

"मावशी, वेळ नाही हो!"

"पोरायला पळू नगा म्हनता अन् सोता? बसा. पळत आलेल्या बाईला आमी जात इचारत न्हाई अन् कामबी इचारत न्हाई. आदी पानी."

त्या घराची ती रीतच होती. कधी काळी आपल्या माणसामागे निघालेली एक पोरगी धावत दारात आली. घरच्यांनी 'तू कोणाची?' एवढंच विचारलं. ती तशीच पुढे पळाली आणि अंधारात विहिरीत गेली. तो माणूस तिला शोधत परत फिरला, तेव्हा उशीर झाला होता.

मी पाणी प्यायले, उठले... आणि पाय उचलेनात. पोटऱ्यांत गोळे, छातीत कळ. मी जेमतेम अर्धा मैल आले होते, पण अंग चार मैल पळून आल्यासारखं. घड्याळात दोन चाळीस. एसटीची वेळ झाली होती आणि मी ओसरीवर बसून रडत होते.

तासाभराने कपाशीतून आजोबा आले, गुडघ्यापर्यंत चिखल.

"तू इथं कधी आलीस?"

"कुठून?"

"ओढ्यावरून! हात करत पळत होतीस, उतरा, उतरा म्हणून ओरडलीस. मी बस थांबवून उतरलो, तर तू गायब."

ओढा फाट्याच्याही पलीकडे, जिंतूरच्या बाजूला दोन मैल.

"काय येड्यावानी बोलायलात, दादा?" गयाबाई म्हणाल्या. "ह्या मगापासून हितंच हायत. पाय धरून रडायल्यात."

त्या बसमधून फाट्यावर दोघांना उतरवलं. एकाचा हात कायमचा गेला.

मी नंतर आसपास चौकशी केली. ओढ्याकडे कोणी बाई गेली नव्हती. भीतीने भास झाला म्हणावं, तर आजोबांना फाट्यावरची बातमीच माहीत नव्हती.

त्यांनी माझं कधी ऐकलं नाही. पाहुण्यांसमोर म्हणायचे, "हिला विनय फार." सुरुवातीला मी भांडले. मग दमले आणि चहा ठेवायला उठू लागले. खरं सांगते, पोरांनो, मला तिचा हेवा वाटायचा. त्यांनी जन्मभर जिचे उपकार मानले, ती पोचली होती. मी पोचले नव्हते.

नील, सांगायचंच तर हे सांग. ती कोण होती, मला आजही कळलेलं नाही.

आजोबा गेले, गयाबाई गेल्या, रस्ता रुंद झाला तेव्हा ओढ्यावरचा जुना पूलही गेला. त्या दिवशीचं आजोबांचं, फाट्यापर्यंतचं एसटीचं तिकीट तेवढं माझ्या कपाटात आहे.