परवडणारं बोलावणं

"मला बोलावणं आलंय," असं आमचे हे म्हणाले आणि माझ्या हातातलं पातेलं खाली पडलं. बोलावणं आलं की माणूस जातो, एवढंच मला ठाऊक. "अगं, मरायचं नाहीये मला. पाळक व्हायचंय," हे म्हणाले. म्हणजे प्रार्थना चालवायच्या, आजाऱ्यांपाशी बसायचं, गेलेल्यांना पोचवायचं. जन्मभर इस्पितळात लिफ्ट चालवली आणि आता पन्नाशीत शिंगं मोडून वासरांत शिरायची हौस!

मी बरंच तोंडसुख घेतलं. मग त्यांनी कारण सांगितलं. इस्पितळाचा चौथा मजला कधीचाच बंद आहे. तरी रोज दुपारी घंटा वाजते, लिफ्टमधला चार आकड्याचा दिवा लागतो. हे वर जाऊन दार उघडतात. समोर कोणी नसतं, पण लिफ्ट किंचित खाली बसते. तळमजल्यावर दार उघडलं की पुन्हा हलकी होते.

"एकच बाई असावी. वजन काहीच नाही तिला," हे म्हणाले. "तिच्याशी काय बोलावं, ते मला येत नाही. ते शिकायचंय."

माझी आई त्याच मजल्यावर गेली. शेवटी शेवटी मी तिला एका हाताने उठवून बसवत असे. आम्ही दोघांनीही तो विषय काढला नाही.

मग कॉलेजं शोधली. डोंगरावरच्या नामांकित कॉलेजची फी ऐकून हे आल्या पावली परतले. पोस्टाने शिकवणारं एक होतं. "निरोप द्यायला पोस्टाने शिकणार?" मी म्हटलं. राहिलं संध्याकाळचं, प्रार्थनामंदिराच्या तळघरातलं. नोकरी सांभाळून शिकायचं, वसतिगृह नाही, आणि प्रात्यक्षिक आपापल्या कामावरच, म्हणून फी बेताची. अंथरूण पाहून पाय पसरले.

तिथे शिकवणाऱ्या म्हाताऱ्या बाईंना ह्यांनी माझ्यासमोरच सगळं सांगितलं. आता हाकलून देतात, असं मला वाटलं. बाईंनी एवढंच विचारलं, "लोक उतरताना तुम्ही काय म्हणता?"

"'या' म्हणतो. सगळेच म्हणतात की."

"तिलाही?"

"हो."

"मग ती येणारच." बाई जराही हसल्या नाहीत. "तिला 'जा' म्हणा. तीच तुमची प्रवेशपरीक्षा."

दुसऱ्या दिवशी दुपारी मीही लिफ्टमध्ये चढले. घंटा वाजली. चौथ्या मजल्यावर दार उघडलं. धुळीचा थर, रिकाम्या खाटा. लिफ्ट खाली बसली, आणि मी न ठरवता कोपऱ्यात सरकून जागा केली. खाली येईपर्यंत आम्ही श्वाससुद्धा जपून घेत होतो.

तळमजल्यावर ह्यांनी दार उघडलं. दारातून कोणाला 'जा' म्हणायची सवय कुठे असते आपल्याला! शेवटी डोळे मिटून म्हणाले, "आई, जा आता."

'आई' म्हणाले. म्हणजे त्यांनाही ठाऊक होतं. माझा जीव गलबलला. लिफ्ट हलकी व्हायला लागली, तशी मी ओरडले, "ये गं आई! उद्या ये!"

"अगं, माझा प्रवेश!" हे कपाळावर हात मारून म्हणाले.

"पुढच्या वर्षी घ्या."

दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन गेले होते, तेव्हाच घंटा वाजली. चारचा दिवा लागला. हे माझ्याकडे नुसते बघत राहिले.

"बघता काय?" मी म्हटलं. "चला लवकर. तिला फार वेळ उभं राहवत नाही."