सत्ताविसावा दात

कारखान्यात तिला सगळे कानसताई म्हणत. अकरा वर्षं ती कोपऱ्यातल्या टेबलाशी उभी राहून, इतरांनी कापलेल्या लोखंडाच्या धारदार कडा कानशीने घासून बोथट करत होती. काम असं, की नीट झालं तर कुणाच्या लक्षातही येत नाही, आणि एखादी कड राहून गेली तर ज्याचं बोट कापलं तो तिच्या नावाने शंख करतो. तिला त्या कामाची लाज नव्हती. पण तिचा जीव दहा पावलांवर ताडपत्रीखाली झाकलेल्या मिलिंग मशीनमध्ये अडकला होता.

ते मशीन तिच्या दादाचं. म्हणजे मालकी कारखान्याची, पण सतरा वर्षं त्यावर दादाखेरीज कुणी हात ठेवला नव्हता. तीन वर्षांपूर्वी हिवाळ्यातल्या एका सकाळी हात गारठले म्हणून त्याने लोकरीचे हातमोजे घातले आणि तसंच मशीन चालू केलं. फिरत्या कटरने धागा पकडला, धाग्याने मोजा ओढला आणि मोज्याने हात. उजव्या हाताची दोन बोटं गेली. "मशीनचा काय दोष?" दादा म्हणायचा. "थंडी मला वाजत होती, त्याला नाही."

लोकांनी मात्र मशीनलाच अपशकुनी ठरवलं, ताडपत्री टाकली आणि विषय संपवला. माणसाची चूक यंत्राच्या माथी मारायला फारसं डोकं लागत नाही.

दादा घरी बसला, पण गप्प बसणाऱ्यातला तो नव्हता. रोज संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर त्याची शाळा भरायची आणि विद्यार्थिनी एकच, धाकटी बहीण. पहिल्याच दिवशी त्याने मशीनचे प्रकार सांगितले. "ज्याचा कटर आडव्या दांड्यावर बसतो ते आडवं मशीन. आपल्या बाबांसारखं, कायम आडवं. ज्याचा कटर वरून खाली येतो ते उभं. आईसारखं, दिवसभर पायावर. आणि ज्याचं टेबल तिरकंही फिरतं, जे सांगाल ते काम करतं, ते युनिव्हर्सल."

"ते कोणासारखं?"

"भांडी तूच घासतेस ना?" दादा म्हणाला, आणि बाबा आडव्याचे उभे होऊन हसले.

मग मशीनचा एकेक अवयव आला. पाठीचा कणा म्हणजे कॉलम. त्याच्यावर वरखाली सरकणारा गुडघा, त्याला कारखान्यात 'नी'च म्हणतात. त्या गुडघ्यावर पुढेमागे जाणारं सॅडल आणि सॅडलवर डावीउजवीकडे धावणारं टेबल. लेथवर लोखंड फिरतं आणि हत्यार एका जागी धरलेलं असतं. इथे हत्यार फिरतं आणि लोखंड निमूटपणे त्याच्यासमोर जातं. ते नेहमी कटरच्या फिरण्याच्या उलट दिशेने न्यायचं, नाहीतर जुन्या मशीनच्या स्क्रूच्या ढिल्या आट्यांमुळे कटर कामालाच, म्हणजे त्या लोखंडाच्या तुकड्यालाच, आत ओढून घेतो. आणि नियम. केस बांधलेले, बाह्या कोपरापर्यंत, डोळ्यांवर चष्मा, हातात मोजे नाहीत. लोखंडाचा किस ब्रशनेच झाडायचा, बोटाने कधीच नाही. नटावरचा पाना काढून जागेवर ठेवल्याशिवाय बटणाकडे बघायचंसुद्धा नाही. माप घ्यायचं ते कटर पूर्ण थांबल्यावर. हे नियम तिने पाढ्यासारखे पाठ केले. चुकली की दादा नुसता उजवा हात टेबलावर ठेवायचा.

सगळ्यात अवघड होतं ते काम धरून मोजून फिरवणारं डिव्हायडिंग हेड. गिअरचे दात एकसारख्या अंतरावर कापायचे, तर एक दात झाला की काम नेमकं तेवढंच फिरवावं लागतं. या हेडचा दांडा चाळीस वेळा फिरवला की काम एक फेरा घेतं, आणि पूर्ण फेऱ्याच्या वरचं मोजायला भोकांची चकती असते, दांड्याची पिन तिच्या भोकात बसते. दादाने पुठ्ठ्याची चकती केली, खिळ्याने भोकं पाडली आणि शिवणाच्या डब्यातली टाचणी पिन म्हणून दिली. पहिल्याच दिवशी तिने नको ती चूक केली. पिन ज्या भोकात होती तेच तिने 'एक' म्हणून मोजलं.

"जिना चढताना उभी असतेस ती पायरी मोजतेस का?" दादाने विचारलं. "मग पिन उभी आहे ते भोक का मोजतेस? सगळे इथेच फसतात."

दोन वेळा तिने फोरमनकडे मशीन मागितलं. माणूस वाईट नव्हता, पण अपघाताच्या दिवशी दादाला दवाखान्यात त्यानेच नेलं होतं. "ताई, तुमच्या घरातली दोन बोटं घेतली त्याने," तो म्हणाला. "अजून किती द्यायची आहेत?" तिने मान खाली घातली आणि कानस उचलली. त्या दिवशी तिला फोरमनपेक्षा स्वतःच्या गप्प बसण्याचा जास्त राग आला.

आणि एक दिवस बेकरीवाला धावत आला. त्याच्या पीठ मळायच्या यंत्राचा गिअर फुटला होता. यंत्र त्याच्या आजोबांच्या वयाचं, सुटा भाग कुठेच मिळेना, भट्टी थंड आणि गिऱ्हाईक दारात. सत्तावीस दातांचा गिअर नव्याने कापण्याशिवाय गत्यंतर नव्हतं. ताडपत्री निघाली. काम मिळालं लेथवाल्याला. लेथवर सगळं गोल करतो म्हणून त्याला गोलंदाज म्हणत. माणूस आपल्या कामात तरबेज, पण दुसऱ्याचं काम सोपं असतं अशी त्याची पक्की समजूत.

त्याने पहिला गिअर कापला. सव्वीस दात देखणे आणि सत्ताविसावा भलताच जाड, लग्नाच्या फोटोत घुसलेल्या काकांसारखा. "हेड झिजलंय," गोलंदाज म्हणाला. त्याने दुसरा कापला. पुन्हा तेच. "मशीनच वाईट आहे, मी आधीच सांगितलं होतं." नाचता येईना, अंगण वाकडं!

फोरमनने तो दुसरा गिअर तिच्या टेबलावर आणून ठेवला. "बघा, हा दात घासून जमतो का."

तिने गिअर हातात घेतला आणि अंगठा दातांवरून फिरवला. सव्वीस दातांमध्ये केसाचाही फरक नव्हता. झिजलेल्या हेडने इतकी सारखी चूक केली नसती. तिने जाड दात मापून पाहिला, कागदावर चार आकडे मांडले, आणि ते पुन्हा एकदा तपासले. कमी पडलं होतं ते बरोबर दांड्याच्या एका फेऱ्याएवढं. सत्तावीस भोकांची रांग, आणि सत्तावीस वेळा एकेक भोक कमी.

"हे घासून होणार नाही," ती म्हणाली. "प्रत्येक दाताला दांड्याचा एक फेरा आणि वर सत्तावीस भोकांच्या रांगेतली तेरा भोकं जायचं असतं. हे बारा गेलेत. पिन आहे ते भोकही मोजलंय."

गोलंदाजाचा चेहरा तापलेल्या लोखंडासारखा झाला. "कानस मारणारी मला मोजायला शिकवणार?"

"पाती लावताना मोजलं होतंत ना? दाखवा."

चकतीवर दोन पाती असतात. त्यांच्यामध्ये एकदा अंतर पकडलं की दर वेळी भोकं मोजत बसावं लागत नाही. सोय मोठी, पण पाती चुकीची लागली तर तीच चूक दर वेळी इमानेइतबारे होत राहते. गोलंदाज सगळ्यांसमोर बोट ठेवून मोजू लागला. पिनच्या भोकावर 'एक' म्हणाला आणि मध्येच थांबला.

त्या मापाचा पोलादाचा एकच तुकडा शिल्लक होता. फोरमन त्याच्याकडे बघत राहिला. "हा गेला तर?"

"तर मी माझ्या टेबलाशी परत जाईन आणि या मशीनचं नाव पुन्हा काढणार नाही."

"आणि जमलं, तर मशीन तुमचं," फोरमन म्हणाला. शब्द तोंडातून गेला खरा, पण त्याचे डोळे तिच्या बोटांवर होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने केस घट्ट बांधले, बांगड्या काढून डब्यात ठेवल्या, चष्मा चढवला. काम हेडवर पक्कं बसवलं, कटर मधोमध आणला, पाना काढून जागेवर ठेवला. पिनच्या पहिल्या भोकाशी लाल शाईचा ठिपका दिला आणि पाती लावली. बटण दाबलं. कटर पोलादाला लागला आणि तो एकसुरी आवाज आला. हा आवाज तिने कोपऱ्यातल्या टेबलावरून वर्षानुवर्षं ऐकला होता. एक दात, टेबल मागे, दांड्याचा एक फेरा, तेरा भोकं. पुन्हा. दात एका दमात पूर्ण खोल कापायचे नव्हते. आधी सगळे उथळ, मग दुसऱ्या फेरीत पुरते.

एव्हाना सगळा कारखाना हातातली कामं टाकून भोवती जमला होता. पहिल्या फेरीच्या अकराव्या दाताला फोरमन वाकून बघू लागला. त्याच्या गळ्यातल्या लोकरीच्या गळपट्ट्याचं टोक कटरच्या दिशेने लोंबत होतं. तिने तत्क्षणी मशीन बंद केलं.

"काय झालं?"

"आधी गळपट्टा काढा, मग बघा."

फोरमनने तिच्याकडे बघितलं, मग कटरकडे, मग गळपट्ट्याकडे. त्याने तो काढला, घडी केली, खिशात घातला आणि दोन पावलं मागे सरकला. दिवसभर तो तिथून पुढे आला नाही.

संध्याकाळी पाचच्या सुमाराला दुसऱ्या फेरीतला सत्ताविसावा दात झाला. आता खरी परीक्षा. तिने आणखी एकदा दांडा फिरवला, तेरा भोकं गेली. पिन टच्चकन लाल ठिपक्याशी जाऊन बसली. तिने मशीन चालू केलं आणि कटर पहिल्या खाचेतून नेला. एक चूक असती तरी तो किंचाळला असता. कटर खाचेतून आरपार गेला. आवाज नाही, किस नाही, काही नाही.

"अहो, कापत का नाहीये?" बेकरीवाला घाबरून ओरडला.

"कापायला काही उरलं नाही म्हणून!" गोलंदाज म्हणाला, आणि सगळ्यांत आधी टाळ्या त्यानेच वाजवल्या. मनाचा मोठा माणूस, उशिरा का होईना. मग जो गलका झाला त्यात फोरमन काय म्हणाला ते कुणालाच ऐकू आलं नाही. पण त्याने ताडपत्री गुंडाळली आणि भंगाराच्या ढिगावर फेकली, ते सगळ्यांनी पाहिलं.

दारात दादा उभा होता. तीन वर्षांत त्याने कारखान्याचा उंबरा ओलांडला नव्हता. आज कुणी बोलावलं नसताना आला, मशीनपाशी गेला, त्याच्या टेबलावर एकदा हात ठेवला. कानसताईने, छे, आता ते नाव संपलं, धाकट्या बहिणीने गिअर पुसून त्याच्या हातात दिला.

त्याने डोळे मिटले आणि अंगठ्याने एकेक दात चाचपू लागला. एक फेरा झाला, दुसरा झाला, तिसराही. बेकरीवाला घाईने चुळबुळत होता, त्याला फोरमनने दंडाला धरून थांबवलं.

"यातला शेवटचा कुठला गं?" दादाने विचारलं.

"मलाही नाही सांगता येणार, दादा."

दादाने गिअर छातीशी धरला आणि भर कारखान्यात, सगळ्यांदेखत, ढसाढसा रडला.