कुलवृत्तांतातलं आपलं पान

अमेरिकेतल्या ईडन प्रेरी गावच्या श्रीरंगरावांना जुन्या कागदांचं वेड होतं आणि ते दुसऱ्यांच्या माथी मारायची खोडही होती. पेशानं इंजिनिअर. तिथल्या मराठी मंडळाच्या पॉटलकमध्ये, म्हणजे घरोघरून पदार्थ आणून केलेल्या जेवणात, कुणी बखरीतला प्रसंग रंगवून सांगू लागलं, की हे हातातली प्लेट खाली ठेवून विचारायचे, "लिहिणारा कुणाच्या पदरी होता? लढाईनंतर किती वर्षांनी लिहिलंय?" सांगणाऱ्याचा चेहरा पडायचा. लोक वैतागत, पण शंका आली की फोन यांनाच करत.

म्हणून सत्त्याऐंशी साली घराण्याच्या कुलवृत्तांताची नवी आवृत्ती निघाली, तेव्हा अमेरिकेतल्या शाखेचं काम पुण्याच्या चुलतभावानं यांच्याच गळ्यात घातलं. पत्रात शेवटी लिहिलं होतं, ‘अडचणीचं असेल ते गाळावं.’ श्रीरंगराव भडकले. "असंच गाळून गाळून घराण्यात नुसते शूरवीर उरलेत!"

तीन महिने खपून त्यांनी बावीस कुटुंबांची माहिती जमवली. आपलं पान सगळ्यात शेवटी लिहिलं. त्यांच्या बायकोनं, पद्मजाबाईंनी, ते वाचलं आणि चष्मा काढला.

"दीपाचं लग्न कुठंय यात?"

दीपा त्यांची एकुलती एक लेक, क्युपर्टिनोला सॉफ्टवेअरमध्ये. दोन वर्षांपूर्वी तिनं टेड नावाच्या अमेरिकन मुलाशी लग्न केलं. श्रीरंगराव गेले नाहीत, बायकोलाही जाऊ दिलं नाही. तेव्हापासून बाप-लेकीत बोलणं बंद.

"तारीख माहीत नाही," ते पुटपुटले. "खात्री केल्याशिवाय मी लिहीत नाही."

"मला माहितीये, पण मी सांगणार नाही. तिलाच विचारा. बाहेर बखरकारांना नावं ठेवायची आणि घरात पोरीलाच गाळायचं?"

बिचाऱ्यांचा हात तीनदा फोनकडे जाऊन परत आला. चौथ्यांदा त्यांनी नंबर फिरवला.

"दीपा, कुलवृत्तांतासाठी फोन केलाय. लग्नाची तारीख सांग."

"जून एट्थ, एटी-फाइव्ह," ती चाचरत म्हणाली.

"ठिकाण?"

"टेडच्या आईचं बॅकयार्ड."

पेन चालू होतं. सवयीनं पुढचा प्रश्नही तोंडातून निघून गेला. "आपल्याकडून कोण कोण होतं?"

दीपा म्हणाली, "नोबडी, बाबा."

श्रीरंगरावांना भडभडून आलं. पुण्याहून आलेल्या फॉर्मात या माहितीला रकाना नव्हता. तारखेखाली त्यांनी लिहिलं आणि फोनवर वाचून दाखवलं, "‘वधूचे वडील बोलावूनही गेले नाहीत.’ बरोबर आहे ना?"

"आईलाही येऊ दिलं नाहीत," दीपा रडत म्हणाली. "राइट दॅट टू."

त्यांनी तेही लिहिलं.