सुबरावअण्णांनी दिल्लीला केलेला अर्ज

सुबरावअण्णांचा दिल्लीचा अर्ज मी लिहिला. म्हणजे मजकूर त्यांचा, इंग्रजी माझं. निपाणीच्या कॉलेजात इंग्रजी घेऊन बी.ए. झाले खरी, पण लग्न होऊन शहापुरात आल्यावर त्या इंग्रजीचा उपयोग बँकेचे फॉर्म आणि मुलांच्या शाळेतल्या चिठ्ठ्या यापलीकडं कधी झाला नाही. त्यामुळं अर्ज लिहिताना मला जरा हौसच वाटली होती. त्या अर्जापायी अण्णांच्या हातातली एकुलती एक टीम गेली, हे आत्ताच सांगून टाकते. पुढं काही चांगलं होईल म्हणून कुणी वाट बघत बसायला नको.

आमची दारं समोरासमोर. बोळ इतका अरुंद की त्यांच्या फोडणीचा ठसका आमच्या माजघरात येतो. त्यांच्याकडं चार पॉवरलूम आहेत. नवी नवरी होते तेव्हा त्या खडखडाटानं डोकं उठायचं. आता वीज जाऊन लूम थांबले की दचकायला होतं. अण्णा एकसष्ट वर्षांचे. तीस वर्षं ते रोज दुपारी चारला लूम बायकोच्या, इंदुताईंच्या ताब्यात देऊन वडगावच्या बाजूला शाळेच्या मैदानावर जायचे आणि नवदीप मंडळाच्या पोरांना फुटबॉल शिकवायचे. पायात रबरी चप्पल, लेंग्याचा एक पाय वर खोचलेला. शिट्टी विकत घेतली नाही, दोन बोटं तोंडात घालून वाजवायचे ती वडगावच्या देवळापर्यंत ऐकू जायची.

शिकवायची त्यांची एक तऱ्हा होती. पहिला अर्धा तास बॉल द्यायचेच नाहीत. अकरा पोरं बॉलशिवाय धावायची, जागा बदलायची, एकमेकांची नावं घेत मागं-पुढं सरकायची. भिंतीवर बसलेले लोक हसायचे. "बॉल परवडंना व्हय रं तुमच्या कोचला?" अण्णांचं उत्तर ठरलेलं. "बॉल आंधळ्यालाबी दिसतोय. शेजारचा माणूस दिसाय पायजे." या तऱ्हेनं नवदीपनं लष्करी कॅम्पाकडच्या भल्याभल्या टीमना पाणी पाजलं होतं, कोल्हापुरात जाऊनही दोनदा ढाल आणली होती.

भारताची मॅच असली की अण्णा आमच्याकडं यायचे, कारण आमचा टीव्ही मोठा. येताना साडीच्या नक्षीचे जुने, भोकाभोकांचे पुठ्ठे आणायचे आणि त्यांच्या कोऱ्या पाठीवर पेन्सिलीनं फुल्या मारत बसायचे. आपली टीम तेव्हा हरत होती. जिंकायलाच हवं अशा मॅचमध्येही गोल होत नव्हता. आमचे हे वैतागून टीव्हीवर ओरडायचे, अण्णा मात्र एक शब्द बोलायचे नाहीत. फुल्या मारून झाल्या की पुठ्ठा मला दाखवायचे. "ह्यो बघा वैनी. बॉल हिकडं, आणि आपले सातजण नुस्ते उभे. खांब रोवल्यागत."

मग भारताचा कोच गेला आणि नव्या कोचसाठी अर्ज मागवल्याची बातमी पेपरात आली. यांनी चहा पिता पिता म्हटलं, "अण्णा, टाका की अर्ज! भारताला विणकर कोच मिळंल." सगळे हसले. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा झेरॉक्सच्या दुकानातून फॉर्म काढून घेऊन दारात उभे.

"वैनी, हे जरा इंग्रजीत भरून द्या."

मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिले.

"असं बघू नगा. मला नेमत न्हाईत हे मला कळतंय, तेवढा खुळा न्हाय मी. पर ह्यात शेवटाला एक पान हाय, टीमबद्दल तुमचं म्हणणं काय म्हणून. त्येवढं पान कुणीतरी वाचंल का न्हाय? वाचाय बसल्यात म्हंजे वाचणारच की."

आम्ही दोन दुपारी बसलो. नाव, वय, अनुभव. अनुभवाच्या रकान्यात 'तीस वर्षे' लिहिताना त्यांनी मान ताठ केली. पुढचा रकाना होता कोचिंगच्या लायसनचा.

"लायसन कुठलं आहे अण्णा?"

"न्हाय."

"मग मोकळं सोडूया?"

"मोकळं कशापायी? न्हाय ते न्हाय. लिवा."

मी इंग्रजीत, ठळक अक्षरात, नाही म्हणून लिहिलं.

लायसन नसण्याला कारण होतं. सात वर्षांपूर्वी कोर्स निघाला तेव्हा मंडळातून एकालाच पाठवायचं ठरलं. अण्णांनी नागराजला पाठवलं. नागराज वडगावच्या कन्नड विणकराचा मुलगा, नऊ वर्षांचा असताना अण्णांच्या हाताखाली आला. मैदानावरून सरळ इंदुताईंच्या स्वयंपाकघरात यायचा आणि स्वतःच्या हातानं भाकरी वाढून घ्यायचा. आता बत्तीस वर्षांचा आहे, एका शाळेत खेळाचा मास्तर. "त्यो तरणा हाय, इंग्रजी कळतंय," अण्णा तेव्हा म्हणाले होते. "त्यो शिकंल, येऊन मला सांगंल."

शेवटचं पान मात्र झकास झालं होतं. अण्णा बोलत गेले, मी लिहीत गेले. एवढं नीट, एका दमात बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. मी म्हटलं, फोनवरून फोटो काढून आत्ताच पाठवते.

"शिक्का?" अण्णा म्हणाले.

"शिक्का मागितलेला नाही अण्णा. कुठंच लिहिलेलं नाही."

"मागत न्हाईत वो कधीच. गेल्यावर इचारत्यात."

सीमाभागातल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. मराठीत दिलेला अर्ज कन्नडमध्ये आणा म्हणून परत येतो, कन्नडमध्ये नेला की दाखला जोडा म्हणतात, दाखला जोडला की त्यावर सही-शिक्का कुठाय म्हणतात. आमच्या घराघरात एकेक पिशवी असते, कुणी न मागितलेल्या शिक्क्यांच्या कागदांची. अण्णा तर अठराव्या वर्षी बेंगळूरला राज्याच्या निवडीसाठी गेले होते आणि जन्मदाखल्यावर गोल शिक्का नाही म्हणून दारातूनच परत आले होते. बूट पिशवीतून बाहेरसुद्धा काढले नव्हते. तेव्हा अर्ज घेऊन ते मंडळाचा शिक्का मारून घ्यायला मारुतीरावांकडं गेले.

मारुतीराव मंडळाचे नवे अध्यक्ष. खानापूर रस्त्याला त्यांची लाकडाची वखार. त्यांनी शिक्का मारला, सही केली, अण्णांना चहा पाजला आणि ते गेल्यावर अर्जाचे फोटो ग्रुपवर टाकले. ते त्यांनी काढले कधी, ते अण्णांना कळलंही नाही. संध्याकाळपर्यंत सगळ्या शहापुरात, वडगावात झालं. 'लूम विकून अण्णा चालले दिल्लीला.' 'भारताच्या टीमला आता बॉल मिळणार नाही.' भाजी घेताना मला एका बाईनं विचारलं, "तुमच्या शेजाऱ्यांना डोक्याचं काही झालंय का गं?"

हसण्याचं अण्णांना काही वाटलं नाही. तीस वर्षं भिंतीवरच्या लोकांचं ऐकलेला माणूस. पण ते फोटो कॅम्पातल्या एका मंडळानंही बघितले. त्यांनी रकाने वाचले. मंडळांच्या दरवर्षीच्या स्पर्धेसाठी यंदा नवा नियम होता, कोचकडं लायसन पाहिजे. आजवर फॉर्मवर अण्णांचं नाव जायचं आणि तो रकाना कुणी बघायचं नाही. आता त्या मंडळानं तक्रार केली. नवदीपच्या कोचकडं लायसन नाही, हे त्यांनी स्वतःच लिहून दिलंय, खाली नवदीपचाच शिक्का आहे.

चार दिवसांनी मारुतीराव आणि नागराज अण्णांच्या घरी आले. मी इंदुताईंकडं लूमच्या कांड्यांवर सूत भरायला बसले होते. लूम बंद केले तरी कानात आवाज घुमत राहतो, त्यात मारुतीरावांचा आवाज मोठा.

"काय अण्णा, दिल्लीशिवाय खाली बोलत न्हाई म्हणं आता!"

इंदुताईंनी चहाचा कप त्यांच्यासमोर जरा आपटूनच ठेवला. "च्या घ्या. फोटो काढून काढून हात दमलं असतील."

"वैनी, गंमत केली वो. मला काय ठाऊक असं हुईल." मग त्यांनी सगळं सांगितलं. तक्रार, नियम, टीम बाद होण्याची भीती. "तुम्ही रकाना मोकळा सोडला असता तर काय न्हवतं. तुमच्याच हातचा कागूद हाय अण्णा."

कागद माझ्या हातचा होता. मी कांडीवरून नजर वर केली नाही.

अण्णा उंबऱ्याशी बसलेल्या नागराजकडं वळले. "तू काय म्हणतोस रं?"

नागराज फोनशी चाळा करत होता. "नाव तेवढं माझं घालूया अण्णा. कागदापुरतं. शिकवणार तुम्हीच की."

"मग झालं!" अण्णांचं तोंड एकदम फुललं. "नावाला काय चाटायचंय? घाला."

ते गेल्यावर इंदुताई म्हणाल्या, "पोरानं तुमच्याकडं बघितलं सुदिक न्हाय."

"लाजतोय त्यो."

"व्हय. लाजतोयच."

पहिला आठवडा नागराज बाजूला उभा राहिला. दुसऱ्या आठवड्यात मैदानावर प्लास्टिकचे रंगीत शंकू आले, पोरांना हिरवी बनियनं आली, प्रत्येकाला बॉल आला. बॉलशिवायचा अर्धा तास पंधरा मिनिटांवर आला, मग बंद झाला. "कोर्सात असं न्हाय सांगत अण्णा," नागराज म्हणाला. अण्णा तरी जात राहिले, कडेला उभं राहून पोरांना हाका मारत राहिले. एके दिवशी पोरांच्या देखत नागराजनं सांगितलं, "अण्णा, दोघं बोलू नये. पोरं गोंधळतात."

त्यानंतर अण्णा गेले नाहीत. नागराज बोलावायला आला नाही. मी एकदा न राहवून यांना म्हटलं, तुम्ही मंडळात बोला. हे म्हणाले, "बोलून काय? टीम बाद झाली असती त्यापेक्षा बरं न्हाय का?" ज्यानं त्यानं असंच म्हटलं. चुकीचं कुणीच बोलत नव्हतं, म्हणूनच ऐकवत नव्हतं.

शिक्का मारलेला अर्ज मी फोनवरून पाठवला होता. त्यावर दिल्लीहून एक ओळ आली होती, तीही यंत्रानंच पाठवलेली. मी वाचून दाखवली.

"वाचला म्हणत्यात?" अण्णांनी विचारलं.

"पोचला म्हणतात."

"व्हय, व्हय. पोचला."

पुढं नव्या कोचची बातमी आली. अण्णांनी फोटो निरखून बघितला. "बरा वाटतोय माणूस," म्हणाले. त्यात कडवटपणा नव्हता. त्यांच्या वाटणीचा सगळा मला आणि इंदुताईंना आला होता.

स्पर्धेच्या उद्घाटनाला मंडळानं अण्णांचा सत्कार ठेवला. मी म्हटलं, जाऊ नका. इंदुताईही म्हणाल्या. "पोरांची मॅच हाय," एवढंच बोलून ते इस्त्रीचा शर्ट घालून निघाले. मग आम्हीही निघालो. माईकवरच्या माणसानं सांगितलं, "आणि आता, ज्यांनी थेट भारताच्या कोचपदासाठी अर्ज केला होता, ते आपले सुबरावअण्णा!" मैदान हसलं. मारुतीरावांनी शाल घातली, नारळ दिला. स्टेजवर खुर्च्या देणगीदारांच्या, म्हणून अण्णा खाली येऊन आमच्याशेजारी पायरीवर बसले.

मॅच सुरू झाली तसे ते बदलले. शाल मांडीवर, नजर भलतीकडंच. बॉल उजवीकडं, हे बघतायत डावीकडं.

"वैनी, आपला त्यो डावीकडचा बघा. बॉलची वाट बघत हुभा हाय. त्याच्या पाठीमागनं पोरगं सुटतंय, त्याला पत्ताच न्हाय. तिथनंच बसणार गोल."

आणि तिथनंच बसला. मला फुटबॉल कळत नाही, पण हे मला दिसलं.

मध्यंतरात नागराज मैदान ओलांडून पळतच आमच्याकडं आला. घामानं भिजलेला, मैदानाच्या कडेच्या दोरीपाशी वाकून उभा. सात वर्षांचं लायसन कुठल्या कुठं गेलं होतं, नऊ वर्षांचा असताना असेल तसा चेहरा झाला होता.

"अण्णा, काय चुकतंय वो? सांगा की."

अण्णांनी त्याच्याकडं बघितलं. मला वाटलं, सांगतील. तोंडावर आलेलं मला दिसत होतं. त्यांनी नारळ एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"काय न्हाय रं. चांगलं खेळवतोयस."

"खरंच?"

"व्हय. असंच चालू दे."

नागराज हुश्श करून परत पळाला. या माणसानं देणगीदाराच्या पोरालासुद्धा कधी चांगला खेळलास म्हटलं नव्हतं, खेळला नसेल तर. इंदुताई नवऱ्याकडं बघत होत्या.

"वंगाळ खेळत्यात म्हणून आत्ता सांगितलासा न्हवं वैनींना?"

अण्णा परत मैदानाकडं बघायला लागले.

दुसऱ्या अर्ध्यात डावीकडूनच नवदीपवर दुसरा गोल बसला. मॅचला अजून वीसेक मिनिटं होती. अण्णांनी शालीची चौपदरी घडी घातली आणि उठले.

"चल गं," ते इंदुताईंना म्हणाले. "आत्ता निघालो तर रिक्षा मिळंल. मागनं गर्दी हुईल."