मागे न पाहणारा तांडेल

गंगाराम शिवलकर आपली शाल परत घेऊन आला तेव्हा सोसायटीत डिझेलसाठी रांग लागली होती. शाल प्लास्टिकच्या पिशवीतच होती, घडीसुद्धा मोडलेली नव्हती. ती माझ्या टेबलावर ठेवून तो म्हणाला, "भाऊ, ही तुमच्याकडं ऱ्हाऊ दे. मी गेलो की द्या."

"गेल्यावर कशी देणार तांडेल?"

"म्हंजे जाताना द्या. आता घरात दिसली की डोकं फिरतं."

मी मच्छीमार सोसायटीत हिशेबनीस आहे. एकदा केलेला सत्कार परत जमा करून घ्यायला आमच्याकडे खातं नाही, असं मी त्याला म्हणालो. रांगेतले दोघेतिघे हसले. गंगाराम हसला नाही. शाल तिथेच टाकून तो बाहेर पडला. खिडकीतून पाहिलं तर जेटीकडे निघालेला हा माणूस मध्येच थांबला, वळला, बाजाराच्या दिशेने थोडा गेला आणि पुन्हा थांबला. त्याला जायला ठिकाणच उरलं नव्हतं.

ती शाल आम्हीच त्याला दिवाळीआधी दिली होती, निरोपाची म्हणून. गंगाराम आणि त्याची बायको तुळसा कायमचे न्यूझीलंडला चालले होते, त्यांच्या एकुलत्या एक मुलीकडे.

मिऱ्या गावातला हा माणूस तीसेक वर्षं स्वतःच्या 'भाग्यलक्ष्मी' बोटीवर तांडेल होता. तांडेल म्हणजे बोट हाकणारा. खलाशांच्या जिवाची जबाबदारी त्याच्यावर असते. त्याच्या बापाने त्याला एक नियम घालून दिला होता: बंदर सोडताना तांडेलाने मागे बघायचं नाही. तांडेल वळला की खलाशांचं मन घराकडे वळतं, आणि घराकडे मन असलेला खलाशी जाळ्यात पाय अडकवून घेतो. आताची पोरं बंदर सोडताना मोबाईलवर किनाऱ्याचं शूटिंग करतात. गंगारामने मात्र बापाचा नियम मोडला नाही. लग्न नवं होतं तेव्हा तुळसा बंधाऱ्यावर येऊन उभी राहायची, पण त्याची मान कधी वळली नाही. वाडीत यावरून तिची थट्टाही व्हायची.

मुलगी योगिनी नर्स झाली, ऑकलंडला गेली, तिथेच लांज्याच्या एका मुलाशी लग्न करून स्थायिक झाली. आईबापांना कायमचं बोलावून घेण्यासाठी तिने अर्ज केला होता. गेल्या गणपतीनंतर तिचा फोन आला, "बाबा, फाईल पुढे सरकली. आता फक्त डॉक्टरी तपासणी राहिली."

गंगारामने पहिलं वाक्य ऐकलं आणि दोर सोडला.

नवरात्रात त्याने बोट पुतण्याच्या, सुहासच्या, नावावर केली. पलंग मालगुंडच्या बहिणीकडे पाठवला. तुळसाची भांडी आणि पाटा-वरवंटा शेजारच्या चिमाकडे गेला. केळशीपर्यंतचे सगळे नातेवाईक भेटून झाले. ग्रामदेवतेपुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं गेलं, "बा देवा म्हाराजा, तुझी लेकरं परमुलखात निघाली हायत, त्यांना सांभाळ कर." वाडीने जेवण घातलं. सोसायटीत शाल आणि नारळ देताना अध्यक्षांनी बोलायला सांगितलं, तेव्हा गंगाराम उभा राहून एवढंच म्हणाला, "पाणी सगळं एकच हाय. येतो." सगळं कसं वेळच्या वेळी, कुठे काही लोंबकळत न ठेवता. मला नीटनेटकेपणाची आवड असल्यामुळे फार कौतुक वाटलं. माझी निवृत्ती आता जवळ आली आहे, पण टेबलाचे खण आवरायला माझा हात अजून उचलत नाही.

मग ते दोघं तपासणीला मुंबईला गेले. तुळसा पास झाली. गंगारामच्या छातीच्या फोटोत एक डाग निघाला. तरुणपणी त्याला झालेल्या आजाराची ती खूण असावी, पण डॉक्टर म्हणाले, थुंकीची तपासणी केल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, आणि तिचा अहवाल यायलाच दोन-अडीच महिने लागतील. त्यानंतर तिकडचे लोक ठरवणार.

ज्या वाडीने वाजतगाजत निरोप दिला होता तिथे दोघं परत येऊन उतरली.

पहिले काही दिवस लोक हळहळले. मग त्यांना सवय झाली, आणि सवय झाली की आमच्याकडे जीभ सुटते. "काय गंगाराम, कसं काय हवामान न्यूझीलंडात?" असं बंधाऱ्यावर बसलेले विचारू लागले. तो लांबून येताना दिसला की कुणीतरी म्हणायचं, "ते बघा, न्यूझीलंड आला." पोरांनी तेच नाव धरलं. एकजण तर भर बाजारात म्हणाला, "जेवण फुकट गेलं रे आमचं." गंगाराम म्हणाला, "उलटी करून देऊ काय?" आणि तिथून निघून गेला. पण ते त्याला लागलं होतं.

घरात त्याहून वाईट. दोन उशा, दोन चटया, दोन भरलेल्या बॅगा. बॅगा उघडायच्या नाहीत, हा तुळसाचा हट्ट. उघडल्या की जाणं राहिलंच म्हणून समजा, असं तिचं म्हणणं. मसाला वाटायचा तर चिमाकडे जावं लागायचं.

"चिमे, जरा पाटा देतंस काय गो?"

"अगो तुझाच हाय, विचारतंस काय?"

"माझा होता गो. आता तुझा."

"मग ने परत."

"आणि परत कदी दिऊ? पुन्हा एक जेवण घालशील काय?"

दोघी हसायच्या. तुळसा चिमाच्या मागच्या पडवीत बसून स्वतःच्या पाट्यावर वाटण वाटायची आणि वाटीत घालून घरी आणायची. मासळीचं त्याहून अवघड. जन्मभर बोटीवरचा वाटा घरी आलेला. मासे विकत घ्यायची या घराला सवय नाही. चिमा मासळी विकते, पण ती तुळसाकडून पैसे घेईना. फुकट घ्यायला तुळसाचा हात पुढे होईना. त्यामुळे तांडेलाच्या घरात कुळथाची पिठी शिजू लागली.

गंगारामला बसवेना. बोट नाही, जाळं नाही, घरात बसायला पलंगही नाही. सकाळी उठून तो मिऱ्याच्या बंधाऱ्यावरून मिरकरवाडा बंदरापर्यंत चालत यायचा. जेटीवर कुणाच्या दोरीची गाठ चुकलेली दिसली की सोडून पुन्हा बांधायचा. लोक म्हणायचे, "ऱ्हाऊ दे तात्या, करतो आम्ही." मग माझ्या टेबलासमोर येऊन बसायचा, चहा मागवला की अर्धा टाकून उठायचा. दुपारी कुणाची कौलं नीट कर, कुणाचा पंप उघड. योगिनीचा फोन आला की पहिला प्रश्न, "आला काय रिपोर्ट?" ती म्हणायची, "बाबा, नातवाशी बोला ना." नातू पलीकडून इंग्रजीत काहीतरी सांगायचा, हा "व्हय रे, व्हय रे" करत दारापर्यंत जायचा आणि परत यायचा.

एक दिवस तो मला म्हणाला, "भाऊ, माणूस मेला तर दिवस घालून लोक मोकळे होतात. माझे दिवस घातले, आणि मी फिरतोय."

मी डिझेलच्या पावत्या नंबरवार लावत बसलो.

थंडी पडली. सुहासच्या बोटीवरचा एक खलाशी आजारी पडून गावाला गेला. सुहास माझ्याकडे डिझेल भरायला आला होता, माणूस मिळत नाही म्हणून कुरकुरत होता. गंगाराम खुर्चीवर होता. तो म्हणाला, "मी येतो."

सुहास गोंधळला. "काका, तुम्ही तांडेल म्हणून या. मी जाळ्यावर जातो."

"तांडेल तू. बोट दिली ती दिली. मी खलाशी म्हणून येतो. घेतोस तर सांग."

"मी तुम्हाला काम कसं सांगू?"

"तोंडानं सांग. मी तुला सांगायचो ना, तसंच. शिव्या पण घाल, पण बापावरून नको. तो माझा भाऊ होता."

तुळसाला हे पसंत पडलं नाही. छातीचा अहवाल यायचाय आणि हा गार वाऱ्यात जाळं ओढायला निघाला. पण घरात येरझारा घालणाऱ्या माणसापेक्षा समुद्रावर गेलेला बरा, असं म्हणून तिने चिमाकडून स्वतःचाच डबा मागून आणला आणि भाकरी भरून दिली.

त्यानंतरचं मला सुहासने सांगितलं. त्या दिवशी मासळीवर घालायचा बर्फ उशिरा मिळाला, म्हणून एरवी अंधारात सुटणारी बोट लख्ख उजाडल्यावर सुटली. सुहास केबिनमध्ये. जाळं टाकायची जागा यायला वेळ होता, तोवर खलाशाला काम नसतं. बाकीची पोरं पुढे झोपली. गंगाराम बोटीच्या मागच्या टोकाला दोरखंडाच्या वेटोळ्यावर बसला. तिथे बसलं की तोंड आपोआप किनाऱ्याकडे होतं.

आयुष्यभर त्याने किनारा समोरून जवळ येताना पाहिला होता. लांब जाताना आज प्रथमच पाहत होता. जेटीवरची माणसं आधी ओळखू येत होती, मग नुसती हालचाल, मग तीही नाही. मिरकरवाड्याच्या भिंती एकमेकींत मिसळल्या. भगवतीच्या किल्ल्यावरचं दीपगृह बराच वेळ टिकलं. मिऱ्याचा डोंगर आडवा झोपल्यासारखा दिसू लागला आणि त्याच्या पायथ्याचं आपलं घर कुठलं, हे त्याला सांगता येईना. सुहासने जाळं टाकायला हाक मारली. काका उठला नाही. दुसऱ्यांदा मारली. मग सुहास स्वतः मागे गेला.

"मी घाबरलो," सुहास म्हणाला. "वाटलं, छातीत काय झालं. तर काका नुसता बघत होता. मला म्हणाला, 'एवढं हळू जातं होय रे हे?'"

परत आल्यावर गंगाराम मिळालेला मासळीचा वाटा घेऊन घरी गेला आणि त्याने तुळसाला सांगून टाकलं, "मी जायचा नाय."

दुसऱ्याच आठवड्यात योगिनीचा फोन आला. अहवाल चांगला होता, डाग जुना होता. आणखी थोड्या दिवसांनी व्हिसाही आला. गंगाराम बॅगांकडे बघेना. वाडीत बातमी पसरली की न्यूझीलंड रद्द. चिमाने पाटा परत देण्याची तयारी केली. ती पाटा कंबरेवर घेऊन गंगारामकडे गेली तेव्हा मी तिथेच होतो. गंगारामला समजवा, म्हणून योगिनीने मलाच फोन केला होता. मी चार मुद्दे मनाशी जुळवून गेलो होतो, मुलीचं मन, म्हातारपणी दवाखाना, असे. एकही सांगावा लागला नाही.

"मला कळलं नव्हतं काय सोडतोय ते," गंगाराम म्हणत होता. "कळल्यावर कसा जाऊ? तूच सांग."

तुळसा मासे साफ करत होती. विळीवरून न उठता बोलली. "तुम्ही एकदा बघितलंत. मी लगीन झाल्यापासून बघत्ये. तुमची बोट बारीक होत जाताना. नाय दिसली की घरी येऊन भात लावायची."

तिने पुढचा मासा विळीवर घेतला.

"योगिनी गेली तेव्हा इमानतळावर तुम्ही सामान ठेवलंत नि पाठ फिरवून गाडीत जाऊन बसलात. पोर आत जाताना तीनदा वळली. तिसऱ्या वेळी रडत होती. मी एकटी हात हलवत होत्ये. ती तुम्हाला शोधत होती अवो."

"मला सांगितलं नाहीस कदी."

"तुम्ही इचारलंत कदी?" तिने पापलेटाचे कल्ले काढून टाकले. "आता तुम्हाला एकदा दिसलं, तर लगेच जायचा नाय म्हणताय. मला रोज दिसायचं. मी काय तुमचा दोर धरून ठेवला होता? पोर वाट बघत्ये. जायचं. मागं बघत बघत जायचं असेल तर तसं जा, कोण नाय म्हणत नाय."

चिमा दारात पाटा घेऊन उभी होती. ती हळूच म्हणाली, "मग हा ठेवू, की परत नेऊ?"

तुळसाने नवऱ्याकडे पाहिलं. गंगाराम बराच वेळ बॅगांकडे बघत राहिला. उठला, दारापर्यंत गेला, परत आला. मग म्हणाला, "ने गो परत. पण मसाला वाटताना हिची आठवण काढ."

"ती येत्येच मला. फुकटचा पाटा कोण देतो?"

या वेळी निरोप असा झालाच नाही. जेवण झालं होतं, नारळ झाला होता, नातेवाईक भेटून झाले होते. पुन्हा गाऱ्हाणं घालायचं तर देवाला काय सांगणार, असं पुजारीच म्हणाला. जाण्याआधीचे दिवस गंगाराम नुसता फिरत होता, पण आता त्याचं फिरणं निराळं होतं. ज्या घरांकडे त्याने नवरात्रात उभ्या उभ्या निरोप घेतला होता तिथे जाऊन तो बसत होता. मालगुंडला बहिणीकडे राहून, तिला दिलेल्या आपल्याच पलंगावर झोपून आला. झोप लागली का म्हणून मी विचारलं, तर म्हणाला, "नाय लागली. बरं वाटलं."

फेब्रुवारीत एका सकाळी मुंबईला जायची गाडी वाडीत आली. सुहास समुद्रावर होता. त्याला थांबायचं होतं, गंगारामनेच थांबू दिलं नाही. आम्ही सातआठजण होतो. मी शाल घेऊन गेलो होतो. त्याने ती पिशवीतून काढली, घडी मोडली आणि खांद्यावर टाकली.

"आता टाका खर्ची," तो मला म्हणाला.

"तेव्हाच टाकलीय तांडेल."

ड्रायव्हरने पुढची सीट त्याच्यासाठी रिकामी ठेवली होती. गंगाराम तिथे बसला नाही. तो मागे गेला, बॅगा बाजूला सारल्या आणि मागच्या काचेजवळ जागा करून घेतली. तुळसा पुढे बसली. गाडी बंधाऱ्याच्या कडेकडेने निघाली. मागच्या काचेत त्याचं तोंड आमच्याकडे होतं, आणि गाडी हळू असल्यामुळे ते बराच वेळ दिसत राहिलं. त्याने हात हलवला नाही. तो एकेका घराकडे बघत होता, मध्येच समुद्राकडे, पुन्हा घरांकडे. कुठेच त्याची नजर ठरत नव्हती.

चिमा म्हणाली, "अगो बाय, हा वळला की गो!"

वळणावर गाडी दिसेनाशी झाली. तरी आम्ही तिथेच उभे होतो. मला ऑफिसला उशीर झाला होता.

"आणि तुळसा?" चिमाने मला विचारलं. "तुळसा बघत होती काय मागं?"

मी नीट पाहिलं होतं. तुळसा समोरच्या काचेतून पुढे बघत होती.